प्रवासातील गाणे आणि कुटुंबातील रुचिभेद

(मंडळाच्या महाबळेश्वर येथील कौटुंबिक संमेलनात झालेले भाषण)



या संमेलनात दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा या विवंचनेत मी काही दिवस होतो. शिक्षणाचा प्रसार, विवाहातील अनाठायी खर्च, होतकरू विद्यार्थ्यांना साह्य हे विषय याच व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने मांडलेले आहेत. त्यांत भर घालण्याइतकी माझी योग्यता नाही. म्हणून आपण सर्वांनी कालच, येथवर येताना, अनुभवलेला एक लहानसा प्रश्न मी निवडला आहे. कोणी सांगली-मिरजेहून कऱ्हाड, सातारा, मेढा करीत केळघरचा घाट चढून आले. कोणी पुण्याहून खंबाटकी ओलांडून वाई-पाचगणीच्या वाटेने आले. कोणी मुंबईहून पोलादपूरमार्गे आंबेनळीचा घाट चढून आले. वाटा निरनिराळ्या, परंतु बहुतेक गाड्यांतून वाद मात्र एकच झाला असावा. गाणे कोणाचे लावायचे?

आपण हसलात, यावरून माझा तर्क अगदीच चुकलेला नाही असे दिसते. आजोबांना नाट्यपद हवे, वडिलांना किशोरकुमार हवा, आईला भावगीत हवे, मुलाला रॅप हवे आणि धाकट्या मुलीला कोरियातील कुठल्याशा वाद्यवृंदाचे गाणे हवे. सात माणसांची गाडी आणि पाच तऱ्हांची रुची! यावर आज सर्वत्र जो तोडगा काढला जातो तो आपणांस ठाऊक आहेच. ज्याने त्याने आपापल्या कानांत यंत्राची बोंडे घालावी आणि आपापले गाणे ऐकावे. भांडण मिटते, गाडीत शांतता नांदते. ही शांतता कोणत्या किमतीने विकत घेतली जाते, एवढ्याच प्रश्नाचा मी आज विचार करणार आहे.

आपल्यापैकीच एका घरातील हकीगत सांगतो. त्या घरची मंडळी काही वर्षांपूर्वी सांगलीहून याच गावी निघाली होती. कऱ्हाडनजीक गाडी आली तेव्हा मागच्या आसनावरील आजोबांनी नातवाला विचारले, "अरे, संगम दिसला का?" नातवाच्या कानांत गाणे चालू होते. आजोबांनी दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले, आणि मग खिडकीकडे तोंड करून ते स्वस्थ बसले. कोणी कोणावर रागावले नाही, कोणाचा आवाज चढला नाही. सांगण्यासारखे काही घडलेच नाही म्हणा ना. पुढे ते आजोबा निवर्तले. तो नातू आता मोठा झाला आहे, नोकरीला लागला आहे. तो मला एकदा म्हणाला, "आजोबांना नाट्यसंगीत आवडे, एवढे मला माहीत आहे. पण त्यांतले कोणते पद त्यांना सर्वांत प्रिय होते, हे घरात कोणालाच सांगता येत नाही." वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांच्या आवडीचे पक्वान्न झाले, त्यांच्या आवडीचे पद लावावे असे सर्वांच्या मनात आले, तेव्हा ही गोष्ट ध्यानात आली.

सज्जनहो, माणसाला काय खायला आवडते हे घरातल्यांना ठाऊक असते, कारण आपण एका पंगतीला बसतो. काय ऐकायला आवडते हे ठाऊक होण्यासाठीही एका पंगतीला बसावे लागते. ती पंगत आज मोडत चालली आहे.

यावर कोणी म्हणेल की, पूर्वी सर्वांची आवड एकच होती, म्हणून सारे एकत्र ऐकत. हे मला खरे वाटत नाही. पूर्वीही आवडी भिन्नच होत्या. साधन मात्र एकच होते. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणास आरंभ झाला. गीते माडगूळकरांची, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे गावी जन्मलेल्या कवीची. स्वररचना सुधीर फडके यांची. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात 56 गीते झाली. घरात रेडिओ एक, आणि तोही चार घरांत मिळून एक. ज्याला लावणीची गोडी होती तोही तेथे बसला, ज्याला ख्यालाची होती तोही बसला. आपली निवड चालणारच नव्हती, म्हणून निवडीवरून भांडणही नव्हते. 1957 साली विविध भारती सुरू झाली, तेव्हाही नको असलेली दोन गाणी ऐकल्यावाचून हवे असलेले तिसरे ऐकावयास मिळत नसे. राज्य परिवहनाच्या गाडीतून, म्हणजे आपल्या एस. टी. तून, प्रवास करताना तर यंत्रच नव्हते. तेथे गाण्याच्या भेंड्या चालत, आणि शेवटच्या अक्षरावरून जे सुचेल ते, अभंग असो की सिनेमातले गाणे, म्हणावे लागे.

पुढे टेपरेकॉर्डर आला. 1979 साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन नावाचे खिशात मावणारे यंत्र बाजारात आणले, आणि एकट्याने, चालता चालता ऐकण्याची सोय झाली. आता तर खिशातल्या मोबाईलमध्ये लाखो गाणी आहेत. यंत्र दोषी आहे असे मी म्हणत नाही. ज्या गायकाच्या तबकडीसाठी आपले वडील गावोगाव हिंडत, ती तबकडी आज क्षणार्धात ऐकता येते, हे यंत्राचे उपकारच आहेत. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, पूर्वी एकत्र श्रवण घडे ते साधनांच्या मर्यादेमुळे. आज ते घडेल तर केवळ आपल्या इच्छेने. जी सहनशीलता पूर्वी रेडिओ आपल्याकडून सक्तीने करवून घेई, ती आज आपण खुशीने एकमेकांस द्यावयाची आहे.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार करू. वडीलधाऱ्या मंडळींचा आक्षेप असा की, "आजची ही गाणी म्हणजे नुसता गोंगाट, शब्दांना धरबंद नाही, माझ्या गाडीत असले चालणार नाही." या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु आपल्याच मुलखातील एक उदाहरण आपणांपुढे ठेवतो. सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचे गाव आहे. तेथे 1866 साली श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी या नावाचा मुलगा एका ब्राह्मण घरात जन्मला. त्याला गोडी लागली ती तमाशाची. त्या काळच्या घराला आणि ज्ञातीला ते मानवणारे नव्हते. अखेर घर आणि ज्ञात एका बाजूस राहिली आणि तो दुसऱ्या बाजूस गेला. महार समाजातील पवळा या असामान्य कलावतीबरोबर त्याचा फड गाजला. तेच पठ्ठे बापूराव. 1945 साली पुण्यात त्यांचा अंत झाला. आज त्यांच्या लावण्यांवर विद्वान ग्रंथ लिहितात आणि त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ज्या गाण्यापायी माणूस घराबाहेर पडला, तेच गाणे पुढे घराचे भूषण झाले! म्हणून, "असले गाणे माझ्या गाडीत नको" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. गाणे गाडीबाहेर ठेवता येते. पण पुष्कळदा त्यामागोमाग माणूसही बाहेर राहतो. आपल्या या संमेलनात तरुण मंडळींच्या खुर्च्या रिकाम्या का, असा प्रश्न कार्यकारी मंडळास दरवर्षी पडतो. त्याचे एक उत्तर कदाचित येथे सापडेल.

तरुणांचाही एक आक्षेप आहे. "जुने गाणे संथ आणि लांबलचक, ते संपता संपत नाही." यावर एक गंमतीची गोष्ट सांगतो. किराण्याहून आलेले आणि मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांचे गाणे ज्या जुन्या तबकड्यांवर उतरले आहे, त्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. म्हणजे आजच्या सिनेमातल्या गाण्याहूनही ते आटोपशीर! तेवढ्या अवधीत त्या थोर गायकाने राग उभा केला. तेव्हा तीन मिनिटांचा धीर धरणे कोणाही तरुणास अशक्य नाही. आणखी असे की, खाँसाहेबांनी ख्याल गायिला, ठुमरी गायिली, मराठी नाट्यपदे गायिली, आणि कर्नाटक संगीताचा अभ्यास करून त्यागराजांची कृतीही गायिली. उत्तरेकडचा हा गवई दक्षिणेचे गाणे आदराने शिकतो, आणि आपण एकाच घरातले, एकमेकांचे गाणे पुरते ऐकूही शकू नये काय?

तेव्हा या प्रश्नावर उपाय काय? आपल्या परंपरेत वाटचालीतल्या गाण्याचा एक थोर आदर्श आहे, तो म्हणजे वारीतील दिंडी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण असा तिचा मार्ग आहे. शेकडो माणसे एका चालीवर चालतात आणि एका मुखाने गातात. कोणत्या वेळी काय म्हणावयाचे याचा क्रम ठरलेला असतो. त्या क्रमात अभंग आहे, गौळण आहे, भारूडही आहे. मात्र दिंडीत सर्वांची निष्ठा एक असते. आपल्या मोटारीत तसे नसते. तेव्हा दिंडीपासून एकच गोष्ट घ्यावी, ती म्हणजे क्रम. सर्वांनी एकच गावे हा आग्रह सोडावा. प्रत्येकाची पाळी यावी, एवढे ठरवावे.

काही कुटुंबांत मी जी रीत पाहिली आहे आणि जी फलद्रूप झाली आहे, ती थोडक्यात सांगतो.

पहिले असे की, निघण्यापूर्वीच पाळ्या ठरवाव्यात आणि पहिली पाळी सर्वांत लहान असेल त्याला द्यावी. मोठ्यांनी आधी लहानांचे ऐकले की लहानांना मोठ्यांचे ऐकण्यास संकोच वाटत नाही. प्रत्येकाने तीन गाणी लावावीत, अधिक नाही.

दुसरे, ज्याची पाळी असेल त्याने गाण्याआधी दोन वाक्ये सांगावीत की हे गाणे मला का आवडते. केवळ "छान आहे" हे उत्तर नव्हे. आणि गाणे चालू असता इतरांनी शेरे मारू नयेत, नाक मुरडू नये. शेरा मारावयाचाच असेल तर गाणे संपल्यावर, आणि तोही प्रश्नाच्या रूपाने.

तिसरे, प्रत्येकास संपूर्ण प्रवासात एकदाच नकाराचा अधिकार असावा. एखादे गाणे फारच असह्य झाले, किंवा त्यातले शब्द मुलाबाळांपुढे नको वाटले, तर आजीने म्हणावे, "हे पुरे." त्यावर वाद नाही. परंतु हा अधिकार एकदाच असल्यामुळे तो जपून वापरला जातो, असा अनुभव आहे.

चौथे, वाहन चालविणाऱ्याला आणि ज्याला गाडी लागते त्याला शांततेचा अधिकार केव्हाही असावा. घाट सुरू झाला की गाणे बंदच करावे. पसरणीच्या किंवा केळघरच्या वळणांवर चालकाचे कान समोरून येणाऱ्या गाडीच्या भोंग्याकडे हवेत. शिवाय घाटात मोबाईलची रेंजही जाते. काचा खाली कराव्यात, वारा आत येऊ द्यावा. अशा वेळी एखादी आजी आपण होऊन जात्यावरची ओवी गुणगुणू लागते, आणि तिला गाता येते हे नातवंडांस प्रथमच कळते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून संशोधकांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. आपल्या घरातील ओवी मात्र आपल्यालाच ठाऊक नसते.

पाचवे, कानांत यंत्र घालून एकट्याने ऐकण्यासही थोडा वेळ राखून ठेवावा. तरुण माणसाला एकांत हवा असतो. तो त्यास नाकारू नये. पाच-सहा तासांच्या प्रवासात एक तास ज्याचा त्याला द्यावा. उरलेला वेळ मग कोणास जड जात नाही.

आणि सहावे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. परतीच्या वाटेवर प्रत्येकाने एक गाणे असे निवडावे की जे स्वतःच्या नव्हे, तर गाडीतील दुसऱ्या कोणाच्या आवडीचे आहे. नातीने आजोबांसाठी निवडावे, मामाने भाचीसाठी, सासूबाईंनी सूनबाईंसाठी. ही परीक्षा वाटते तितकी सोपी नाही. येताना ज्याने खरोखर ऐकले असेल, त्यालाच ती साधते.

ही रीत पाळणाऱ्या एका कुटुंबात घडलेली गोष्ट सांगतो. 2023 साली 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आला. त्यातील अजय-अतुल यांचे एक गाणे तरुण मुलामुलींच्या तोंडी फार झाले होते. वाईहून गाडी निघाली तेव्हा पाळी नातीची होती. तिने तेच गाणे लावले. आजोबांना चाल नवी होती. परंतु कोणाचा चित्रपट म्हणून त्यांनी विचारले. शाहीर साबळ्यांच्या जीवनावरचा, आणि त्यांचेच नातू केदार शिंदे यांनी काढलेला, असे नातीने सांगितले. आजोबा म्हणाले, "अगं, मग खिडकीतून बाहेर बघ. हे पसरणी. साबळ्यांचा जन्म याच गावचा, 1923 सालचा." त्या मुलीने ते गाणे शेकडो वेळा ऐकले होते, पण ज्या गावाजवळून ती जात होती त्याच गावचा तो शाहीर, हे तिला ठाऊक नव्हते. आणि आजोबांना साबळे ठाऊक होते, पण आजची पोरे त्यांच्या चित्रपटातले गाणे गुणगुणतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज लाभलेले ते प्रसिद्ध महाराष्ट्रगीत 2023 सालीच राज्यगीत झाले, हे मात्र दोघांनाही माहीत होते. मग ते दोघांनी मिळून म्हटले, आणि घाट लागताच थांबविले. दोन पिढ्यांची आवड एक झाली असे मी म्हणणार नाही. आजोबांना ती नवी चाल अजूनही फारशी रुचत नाही. परंतु ती ऐकू आली की ते म्हणतात, "हे आमच्या ताईचं गाणं." माझ्या मते एवढे पुष्कळ झाले.

मित्रहो, आपण ज्या स्थळी जमलो आहोत त्या स्थळाची आख्यायिका आपणांस नव्याने सांगावयास नको. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. जुनी कथा अशी सांगतात की, ब्रह्मदेवाने या पर्वतावर यज्ञ मांडला. सावित्रीस येण्यास विलंब झाला. मुहूर्त टळेल म्हणून तिची वाट न पाहता गायत्रीस आसनावर बसविण्यात आले. सावित्री आली, कोपली, तिने शाप दिला आणि सर्वांचे जळ झाले. म्हणजे मुळाशी कुटुंबातील रुसवाच. आणि तोही आपली वाट कोणी पाहिली नाही, आपली पाळी चुकविली, एवढ्यावरून.

आता या नद्या पुढे कोठे जातात ते पाहा. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते. कोयना दूरच्या खोऱ्यातून वळसा घेऊन कऱ्हाडास येते आणि तेथे प्रीतिसंगमावर कृष्णेस भेटते. त्यांच्या वाटा निराळ्या, खोरी निराळी, पाण्याचा वेगही निराळा. तरी पुढे त्या भेटतात, आणि ती एकवटलेली कृष्णा आपल्या सांगलीस येते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड करीत अरबी समुद्रास जाते. ती पुन्हा या बहिणींना भेटत नाही.

आपल्या घरातील मुलेही आपापल्या दिशांनी वाहणारच. त्यांची गाणी निराळी असणार, आणि ती तशी असावीत. सर्वांनी एकाच खोऱ्यातून वाहावे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण पुढे कोठे तरी माहुली यावी, कोठे तरी कऱ्हाड यावे, एवढी तजवीज आपल्या हाती आहे. ती तजवीज मोठ्या समारंभांनी होत नाही. कोणाची वाट पाहिल्याने होते, कोणाची पाळी न चुकविल्याने होते, नको असलेले एक गाणे तीन मिनिटे मन लावून ऐकल्याने होते.

उद्या सकाळी आपण सारे आपापल्या गावी परत निघू. जाताना वाटेत कोणते गाणे लावावे हे मी सांगणार नाही. एवढीच विनंती करतो की, गाडीत जो सर्वांत गप्प बसला असेल, मग तो आजोबा असो वा नातू, त्याला आधी विचारावे, "तुमच्या आवडीचे कोणते?" आणि त्याचे उत्तर लक्षात ठेवावे.